उलबिकेच्या कात्रीचा खिळा

मी एक जुनी कात्री आहे. किती जुनी, ते मला सांगता येणार नाही. मित्रांनो, कात्रीचं आयुष्य माणसासारखं सलग नसतं. उघडली की ती जगते आणि मिटली की नुसती ऐकत पडते. म्हणून माझी गोष्टही तुकड्यातुकड्यांनीच सांगते, आणि मिटलेली असताना जे दिसलं नाही ते ऐकलेल्या बोलण्यातून जोडते.

उघडी

तलास नदीकाठच्या लोहाराने ट्रकच्या मोडक्या स्प्रिंगच्या पाट्यापासून मला घडवलं. माझं काम मेंढ्यांची लोकर कातरायचं. उलबिके त्या घरात सून म्हणून आली आणि सासूने मला तिच्या हातात दिलं.

लोकर कातरता कातरता तिच्याकडे आणखी एक काम आलं. मूल पहिली पावलं टाकू लागलं की आमच्या गावात त्याच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात. एक बाई ती कापते आणि मुलाचा हात धरून त्याला पांढऱ्या कापडावरून चालवते. कापणारी जशी चालते तसंच मूल जन्मभर चालतं, असं सगळे मानतात. त्यामुळे कुणाला बोलवायचं यावर घराघरात रुसवेफुगवे होतात.

उलबिकेची चाल बघण्यासारखी होती. पाण्याच्या दोन भरल्या बादल्या घेऊन ती चढण चढायची, पण पाणी हिंदकळायचं नाही. मग दुसऱ्या कुणाला कोण बोलावणार? गावातल्या कितीतरी मुलांचे पाय आम्ही दोघींनी मोकळे केले.

मधे एकदा माझा खिळा तुटला. खिळा म्हणजे माझी दोन पाती जोडणारा सांधा. लोहाराने नवा ठोकला. तो इतका घट्ट होता की मला माझंच अंग परकं वाटू लागलं. लोहार म्हणाला, तेल सोडा आणि रोज उघडमीट करा, नाहीतर नवासुद्धा अडकून बसेल. चहाचं पाणी उकळेपर्यंत उलबिके रोज खिडकीशी उभी राहून माझी उघडमीट करत असे. हे लक्षात ठेवा, मित्रांनो. ती स्वतः मात्र पुढे हे विसरली.

मिटलेली

मग तिचा उजवा खुबा झिजला. मी खुंटीवर टांगलेली असायची. तिचं पाऊल आधी ठाम वाजायचं. आता एक वाजायचं आणि एक फरपटायचं.

उघडी, पण क्षणभरच

शेजारीण कामार हिच्या घरी पहिल्या नातवाची दोरी कापायची होती. उलबिके मला घेऊन लंगडत गेली. तिने मला उघडलं तेवढ्यात कामारने गोड हसून मला तिच्या हातातून काढून घेतलं.

"आज राहू दे गं. पाय दुखतोय ना तुझा? तू आपली बस, चहा घे."

आणि मला टपाल वाटणाऱ्या बाईच्या हातात दिलं. ती बाई भराभरा चालायची, एवढीच तिची लायकी. उलबिके चहा प्यायली. बाउरसाक, म्हणजे तळलेल्या पिठाचे गोळे, पुढे आले ते तिने नुसते हातात धरून ठेवले.

त्याच आठवड्यात तिने मुलाला सांगितलं, शहरात ने मला, खुबा बदलून घ्यायचा आहे. मुलगा कधीपासून मागे लागला होता, तेव्हा ही ऐकत नव्हती.

मिटलेली, उशीखाली

लोखंड उशाशी असलं की वाईट फिरकत नाही, म्हणून ती मला इस्पितळात घेऊन गेली. नर्सने उशी झटकली आणि मी खणकन खाली पडले.

"अपा, इथे कापायला आम्ही आहोत," ती म्हणाली (थोरल्या बाईला आमच्याकडे अपा म्हणतात), आणि मला कपाटात ठेवून दिलं.

मिटलेली, पिशवीत

शस्त्रक्रिया उत्तम झाली. जखम सुकली, दुखणं गेलं, झोप लागू लागली. घरी मात्र वेगळाच त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली होती. पाहुणे गालिच्यावर मांडी घालून जेवायचे आणि ही एकटी खुर्चीवर, सगळ्यांच्या डोक्यांवर. करकोच्यासारखी, असं ती स्वतःच म्हणायची. चालताना ती अजूनही उजवीकडे झुकत होती, आणि दोरी कापायला कुणी बोलावत नव्हतं.

तपासणीच्या वेळी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर दाऊरेननी खुब्याचा एक्स-रे फोटो उजेडात धरला. सांधा सुरेख बसला होता. त्यांनी विचारलं, "समाधानी आहात ना, अपा?"

"नाही."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. मग तिने कामारची, चहाची, टपालवालीची सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं, ते हसतील. पण ते उठले आणि तिला व्हरांड्यात चालायला लावलं. दुखतंय का? नाही. मग झुकता कशाला?

"अपा, इतकी वर्षं तुम्ही हा पाय जपून टाकत होतात. दुखणं गेलं, पण जपणं राहिलंय. मी दिलेले व्यायाम करता का?"

उलबिके म्हणाली, "मला वाटलं, नवा आहे, आपला आपण चालेल."

त्यांनी तिला पुन्हा सगळं शिकवलं. जमिनीवरचं काही उचलायचं तर कसं वाकायचं, तेही दाखवलं. एका हाताने भक्कम आधार धरायचा, बदललेला पाय सरळ मागे न्यायचा आणि मग खाली झुकायचं.

उघडी

घरी आल्यावर तिने मला पिशवीतून काढलं आणि उघडायला गेली. मी उघडेना. इतके महिने मी मिटलेली होते, खिळा गंजून अडकला होता.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तेलाची बाटली घेऊन आली.

त्या दिवसापासून चहाचं पाणी उकळेपर्यंत ती खिडकीची चौकट धरून उभी राहायची. पाय बाजूला न्यायचा, आत आणायचा. मग माझी उघडमीट. आम्ही दोघी कुरकुरायचो. हिवाळा गेला. कोकरं झाली. एका सकाळी मी तिची पावलं ऐकली, आणि दोन्ही वाजत होती. अगदी सारखी नाही, पण दोन्ही.

त्या वसंतात कामारची धाकटी सून आयझादा आमच्या दारात आली. तिच्या बाळाने पहिलं पाऊल टाकलं होतं. अपा, तुम्हीच या, म्हणाली. सासूला विचारलंस का, असं उलबिकेने विचारलं. त्यावर आयझादा म्हणाली, पोर माझं आहे.

अंगणात पांढरं कापड अंथरलं होतं. बाळाच्या घोट्यांना दोरी बांधून त्याला उभं केलं होतं. आजूबाजूला भिंत नाही, टेबल नाही, धरायला काही नाही. कामार जवळच हाताची घडी घालून उभी होती. धातूचा पाय, पोराचं काय होणार, असं ती कुणाला तरी म्हणत होती, आणि ते ऐकू जाईल असं म्हणत होती.

उलबिकेने मला उजव्या हातात घेतलं आणि डावा हात पुढे केला.

"कामार, इकडे ये. खांदा दे."

कामारने हाताची घडी सोडली. मग आली, पाय रोवले आणि खांदा दिला. उलबिकेचा पाय सरळ मागे गेला, ती खाली झुकली, आणि मी एका झटक्यात दोरी कापली. माझा खिळा कुरकुरलासुद्धा नाही.

मग ती बाळाचा हात धरून कापडावरून चालत गेली. थोडी झुकत होती, हो. बाळही डुलत होतं.

"बघा," कामार म्हणाली, "अगदी हिच्यासारखं डुलतंय कार्टं." लोक हसले. उलबिके सगळ्यांत जास्त हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. कामारने तिच्यासाठी आतून स्वतः खुर्ची आणली, आणि दुसरी आणून तिच्याशेजारी स्वतः बसली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. उलबिकेने खिशातून काळ्या-पांढऱ्या दोरीचा तुकडा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला, शेजारी फडक्यात बांधलेले बाउरसाक ठेवले, आणि चालत बाहेर पडली. ती कशी चालते ते डॉक्टर दारापर्यंत येऊन बघत राहिले.

मित्रांनो, मी आता पुन्हा खुंटीवर आहे. माझं मागणं थोडंच आहे. नवा खिळा बसवला म्हणजे काम संपलं, असं समजून आम्हाला टांगून ठेवू नका. थोडं तेल द्या, रोज एकदा उघडा. आणि कुणाचा सांधा बदलला असेल तर दुखतंय का एवढंच विचारून परतू नका. तुला कुणाच्या अंगणात जायचंय, तेही विचारा.