न दिसणाऱ्या ठिपक्याची साक्ष

सुया, दहा नंबरच्या.

एक कारकून, निवृत्त.

'चित्रे दाखवू नका.'

गळा नसलेला स्वेटर.

मित्रांनो, मी एक जुना ठिपका आहे. लोकरीच्या दुकानातून जाणाऱ्या ईमेल पत्रांच्या तळाशी असतो. खरं तर इवलंसं पारदर्शक चित्रच, म्हणून कुणाला दिसत नाही. कुणी पत्र उघडलं की त्याचा मोबाइल इतर चित्रांबरोबर मलाही बोलावतो, आणि दुकानाच्या तक्त्यात खूण पडते : वाचलं. एवढ्यासाठीच मला घडवलं. पत्रं लिहिणाऱ्या ताई रोज सकाळी आधी माझ्या खुणा पाहत. केवढा मान होता मला!

ताईंनी सात पत्रांत बाळाचा स्वेटर शिकवायला घेतला. दर सोमवारी एक पत्र. सातव्यात गळा.

एक आत्या तो विणत होत्या, भाचीच्या होणाऱ्या बाळासाठी. प्रत्येक पत्र त्या तीनतीनदा वाचत, ओठ हलवत, टाके मोजत. पण मोबाइल हळू चालतो म्हणून त्यांनी चित्रं बंद ठेवली होती. मला कुणी बोलावलंच नाही. मी दाराशी उभा. सगळं ऐकत होतो, खूण मात्र करता येत नव्हती.

उलट दुकानाच्या यादीत एका निवृत्त कारकुनाचा कचेरीतला पत्ता होता; तिथे एक यंत्र प्रत्येक पत्र धोक्याचं नाही ना हे तपासायला उघडायचं आणि मला बोलवायचं. कारकून केव्हाच घरी गेलेला. तक्त्यात तोच सर्वांत उत्साही वाचक!

सहाव्या पत्रानंतर दुकानाचे साहेब म्हणाले, "एकही पत्र न उघडणारी नावं काढा. पालथ्या घड्यावर पाणी कशाला?"

"वाचतही असतील हो कुणी," ताई म्हणाल्या.

"मग ठिपक्याने सांगितलं नसतं?"

मी काय सांगणार? आत्यांचं नाव गेलं. सातवं पत्र कारकुनाच्या त्या जुन्या पत्त्यावर पोचलं.

आत्यांनी तीन सोमवार वाट पाहिली. वहिनी हसल्या, "अहो वन्सं, बाळाचं डोकं काय बाहीतून काढायचं?" आत्याही हसल्या. मग सुया तशाच पिशवीत गेल्या. बाळ आलं, ते दुकानातल्या तयार स्वेटरमध्ये घरी गेलं.

मित्रांनो, माझी खूण नाही म्हणजे माणूस नाही, असं समजू नका. नाव खोडण्याआधी एकदा विचारा. मला विचारता येत नाही.

तिसऱ्या पत्राला आत्यांनी उत्तर पाठवलं होतं, "ताई, फार छान समजावता हो." ज्या पत्त्यावर ते गेलं, तिथे आलेली पत्रं दुकानात कुणी उघडत नाही.