मळभातली लांब झोप

माझी झोप लांबवली, तर तळ्याचे मालक सत्यनारायण राजू यांची भीमावरमच्या बाजाराची एक खेप आणि माझ्या नव्या बॅटरीचा खर्च वाचणार होता. फायदा एवढाच.

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोकंट्रोलर आहे. नखाएवढा जीव, कोळंबीच्या तळ्यावर तरंगणाऱ्या डब्यात बसवलेला. जागं राहिलं की बॅटरी संपते, म्हणून मी बहुतेक वेळ झोपतो. माझ्या पोटातला टायमर मात्र मोजत राहतो आणि दर दहा मिनिटांनी मला हलवून उठवतो. मी पाण्यातला प्राणवायू पाहतो, कमी असला तर पाणी घुसळणारी चाकं सुरू करतो, आणि पुन्हा झोपतो.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. राजूंनी रात्रीचा राखणदार काढला. बांधावरच्या खोपटात बायकोसह राहणाऱ्या तळ्यावरच्या गड्याला, येसोबूला, म्हणाले, "आता निवांत झोप. डबा आहे."

पुढे पाणकावळ्यांनी माझं सोलर पॅनल घाण करून टाकलं. त्यात चार दिवस मळभ. बॅटरी उतरू लागली.

"होडी काढून पुसून येऊ का, राजूगारू?" येसोबूने विचारलं. आमच्या आंध्रात 'गारू' म्हणजे 'साहेब'.

"कोळंबी बुजली की खात नाही. राहू दे." राजूंनी व्हरांड्यात कॉफी पिता पिता मोबाइलवरून टायमरचा आकडा बदलला. दहा मिनिटांचे तीन तास झाले.

"डब्यावरचा दिवा हल्ली कमी लुकलुकतो, गारू."

"शहाणा झालाय. तुझ्यासारखी बडबड करत नाही."

मळभात पाण्यातलं शेवाळं प्राणवायू कमी बनवतं. म्हणजे ज्या दिवसांत मी जास्त जागायला हवं होतं, त्याच दिवसांत मला झोपवलं. मला स्वतःहून उठता येत नाही. पहाटे टायमरने हलवलं तेव्हा प्राणवायू संपत आला होता. मी चाकं सुरू केली. ती मेलेल्या कोळंबीवर फिरत राहिली.

उजाडल्यावर राजू बांधावर आले. "झोपला होतास?" त्यांनी येसोबूला विचारलं.

"तुम्हीच झोप म्हणालात, गारू."

"हो, आता माझ्यावर ढकल. खोपटं रिकामं कर."

येसोबूची बायको मरियम्मा भांडी पोत्यात भरत होती. "त्या डब्यालाही हाकला ना मग," ती म्हणाली.

"डब्याला सांगितलं तेवढं त्याने केलं," राजू म्हणाले.

मित्रांनो, आम्हाला पुसत जा. आणि आमची झोप ठरवताना, आमच्या भरवशावर कोण झोपलंय तेही बघत जा.

राजूंनी महिन्याभरात तळ्यात नवी पिल्लं सोडली. मला नवी बॅटरी मिळाली. घर गेलं ते येसोबूचं.