आव

दुपारचं घर गप्प होतं. संडासाची कडी खट्‌कन वाजली आणि थोरली भिंत धरून बाहेर आली.

"आई, परत लाल झालं."

सासूबाई पलंगावरून उठल्या. "आव पडतेय पोरीला. दवाखाना संध्याकाळी उघडणार, तोवर काय तोंडं बघत बसायचं? तोंडबाबांकडे नेते."

"नको हो आई. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावते."

"लाव तू."

फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ताच घरी घेऊन ये, मी आहे. आणि हे बघ, पोटाला कुणाला हात लावू देऊ नकोस." मागे वळून बघते तर दार उघडं आणि दोघींच्या चपला नाहीत. धाकट्याला कडेवर घेऊन मी पळत सुटले.

तोंडबाबा पूर्वी कुकर आणि शेगड्या दुरुस्त करायचे. आता त्याच गाळ्यात गादी घालून पोटं दुरुस्त करत. पेशंटच्या पोटाला तोंड लावायचं, आजार ओढून काढायचा आणि सगळ्यांसमोर ताटलीत थुंकायचा. लाल, लिबलिबीत गुंडाळी. ती बघायला गाळा भरून बाहेर रस्त्यापर्यंत माणसं उभी होती.

"बघा, रिकामं आहे की नाही?" बाबा आ करून गोल फिरत होते. "हवं तर दात मोजा. डॉक्टर काय देतो? गोळी. गोळी जाते कुठे? पोटात. म्हणजे आधीच घाण, तिच्यावर आणखी भर. मी देत नाही बाबांनो, मी घेतो."

"घेता ते दिसतंयच," मागून कुणीतरी पुटपुटलं. त्याला बाजूच्याने कोपर मारलं.

थोरली जमिनीवर आडवी होती. दोन बायकांनी तिचे हात दाबून धरले होते. पाय सासूबाईंनी. बाबांनी गुडघा तिच्या पोटात रोवला. ती किंचाळली. तो आवाज माझ्या लेकीचा आहे हे मला क्षणभर ओळखूच आलं नाही.

"ओरडू द्या. ती नाही ओरडत, आतला ओरडतोय," असं म्हणत बाबांनी टॉवेलाने तोंड पुसलं आणि ते खाली वाकले.

"आई," थोरली रडत म्हणाली, "यांनी टॉवेलातलं काहीतरी खाल्लं."

बाबांनी तिच्या कानफटात मारली. ओठ फुटला.

मी धाकट्याला शेजारणीच्या हातात कोंबलं. घरात रांगतं मूल असलं की बाईला एक विद्या आपोआप येते. दोन्ही गाल दाबायचे, बोट कडेने आत सारायचं आणि बटण, खडा, जे दडवलं असेल ते बाहेर काढायचं. बाबांचे गाल मी तसेच दाबले. ते कडकडून चावले. दात हाडापर्यंत गेले, पण माझं बोट रिकामं परतलं नाही. लाल रंगात भिजवलेली, दोऱ्याने बांधलेली गुंडाळी सगळ्यांसमोर पडली.

गर्दीतला खाटीक पुढे वाकला. "कोंबडीचं आतडं. माझ्याकडूनच नेतात की रोज. मांजरासाठी, म्हणायचे."

आव काढणाऱ्याने नुसता आव आणला होता.

पहिली चप्पल सासूबाईंची बसली. मग जे हात माझ्या लेकीला दाबत होते, तेच बाबांच्या केसांना भिडले. नाक फुटलं, दोन दात ताटलीत पडले. "मारू नका, पोलिसांना बोलवा," मी ओरडले. कुणी ऐकलं नाही. लेकीला उचलून मी निघाले.

"आणखी थोडं दाबलं असतं तर आतडं फाटलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरालगतच्या दवाखान्यात सलाईन लावून झाल्यावर त्यांनी शौचाचा थेंब काचेवर घेऊन मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. "हा अमीबा. एकच पेशी. ना तोंड, ना दात. अंगाचाच गोळा पुढे काढतो, आतड्याच्या जिवंत पेशीला विळखा घालतो आणि लचका तोडतो. आत लाल ठिपके दिसतात? तिचं रक्त गिळलंय."

"हे शिकला कुठे?"

"शिकवलं कुणी नाही. याचे पूर्वज चिखलात जंतू गिळून जगायचे. पिढ्यान्‌पिढ्या बारीक बारीक फरक पडत गेले. दुसऱ्याच्या आतड्यात ज्यांचं भागलं ते टिकले, बाकीचे गेले. आणि आयतं मिळायला लागल्यावर कितीतरी गोष्टी स्वतः बनवायचं सुटलं."

"तोंडबाबांच्या शेगड्या सुटल्या तशा," मी म्हणाले. त्या हसल्या.

हा जीव मंत्राने येत नाही आणि ओढून निघत नाही. घाण पाण्यातून, न धुतलेल्या हातांनी पोटात जातो आणि औषधाने मरतो. पाणी उकळा. शौचात रक्त दिसलं तर दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर आधी त्याचा टॉवेल झटकून बघा.

रक्त थांबल्यावर थोरलीला मी चमच्याने मीठसाखरेचं पाणी पाजत होते. पायथ्याशी बसून सासूबाई तिचे पाय चेपत होत्या. अमीबाची गोष्ट थोरलीने मला पुन्हा सांगायला लावली.

"त्याला डोळे नसतात?"

"नाही गं."

"कानपण नाहीत?"

"नाहीत."

"मग मला दुखतंय हे त्याला कळलंच नसेल," ती म्हणाली. सासूबाईंचा हात थांबला. "पण आई, आजीला तर कान आहेत ना?"