अठ्ठेचाळीस साखरेचा बैल

मित्रांनो, मी एक जुना गाडीबैल आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. तरुणपणी दोन टन उसाची गाडी मी अशी ओढायचो की, मागे उडालेली धूळ आम्हाला गाठायला दुसऱ्या दिवशी यायची!

दर हंगामात माझे धनी कडूबाई आणि गहिनीनाथ मला पाथर्डीहून राहुरीकडे ऊसतोडीला आणायचे. एका सकाळी जू मानेवर येताच मी खाली बसलो, तो काही उठलोच नाही. कडूबाईला स्वतःला साखरेचा आजार. तिने आपलं साखर मोजायचं मशीन काढलं आणि माझ्या कानाला सुई टोचली. आकडा आला अठ्ठेचाळीस.

"अगं आई! सत्तरच्या खाली गेली की मला घेरी येती. ह्यो तर चाललाच की! आवो, गुळाची ढेप आना. सगळी चारायची."

"सगळी? मंग चहात काय घालायचं, माती?" गहिनीनाथ म्हणाला.

"बैल गेला तर चहा कुनाच्या जिवावर पिनार?"

एवढा गूळ पोटात एकदम आंबला असता, तर मी खरंच मेलो असतो. पण ढेप आणता आणता गहिनीनाथने शेजारच्याच वस्तीवर आलेल्या जनावरांच्या डॉक्टर राजेश्वरीताईंना फोन केला होता. ढेप माझ्या नाकाशी आली आणि त्या पोचल्या.

"थांबा मावशी!" त्यांनी समोर बांधलेल्या शेळीला त्याच मशीनची सुई टोचली. छप्पन्न. मग कुत्र्याला. ब्याण्णव. "शेळी आजारी दिसते का? रवंथ करणाऱ्यांच्या रक्तात साखर कमीच असते. पोटात चारा आंबून जी आम्लं तयार होतात, त्यांच्यावरच यांचे स्नायू बरेचसे चालतात. कुत्र्याचं मात्र बरंचसं आपल्यासारखं."

"आन माझं बिघडलं कुटं?"

"स्नायूंना साखरेची दारं असतात. इन्सुलिन ती ठोठावतं. तुमच्यात दार लवकर उघडत नाही. पण तुम्ही चालता, मोळ्या उचलता, तेव्हा स्नायू आतूनच कडी काढतो."

कडूबाईने आपल्या पोटरीवरून हात फिरवला. "म्हंजी इतकी वरसं ह्या पोटऱ्यांनीच मला सांभाळलं व्हय! लई गुनाच्या हायेत."

"आहेतच. पण गोळी चुकवायची नाही."

मग ताईंनी माझा पाय उचलला आणि खुरातून बोटाएवढी काच काढली. मी उठून उभा राहिलो.

मित्रांनो, तुमचं माप आम्हाला लावू नका. मुका जीव बसला तर आधी त्याचा पाय उचलून बघा. आणि संयम माझ्याकडून शिका. नाकासमोर अख्खी ढेप होती, पण मी तिला जीभसुद्धा लाव—

"खोटं!" शेळी ओरडली. "डॉक्टरीनबाई माझा कान धरून बसल्या हुत्या, तवा तुमी निम्मा कोपरा चाटला, बाबा! माश्या दोन दिस तुमच्या तोंडावरनं हलल्या न्हाईत!"