पोकळ आवाज

चिमी पुस्तकं वाचायची, लोकांनी कानाने ऐकावीत म्हणून. रेकॉर्डिंग व्हायचं तिच्या आतेभावाच्या खोलीत. सगळे त्याला दादा म्हणत.

त्या खोलीत पाय ठेवला की तिला मळमळायचं. आवाज घुमू नये म्हणून दादाने भिंतींना जुन्या गाद्यांचा फोम चिकटवला होता. त्याला ओल धरलेली, बुरशीचा वास. खिडकी कायमची बंद. माइकवरच्या स्पंजला आधी वाचून गेलेल्यांच्या थुंकीचा आंबूस दर्प. हेडफोनच्या गाद्यांवर कुणाच्या तरी केसांचं तेल. चिमी रुमालाने पुसून घ्यायची, तरी कानाला चिकट लागायचंच.

हे सगळं तिने सोसलं असतं. पण रेकॉर्डिंग संपलं की दादा तिला ते ऐकवायचा. हेडफोनमध्ये तिचा आवाज डोक्याच्या मागून कुठून तरी आल्यासारखा वाटायचा, आणि फोनच्या स्पीकरवर लावला की नुसती खरखर उरायची, मध्येच एखादा श्वास.

"पोकळ आहे तुझा आवाज," दादा म्हणायचा. "जन्मजातच. मी करतो नीट, काळजी करू नकोस."

आणि तो नीट करायचा. पुस्तकं लोकांना आवडायची. आत्या नातेवाइकांत सांगायची, "आवाज हिचा, पण जीव ओततो माझा लेक." चिमी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायची, गळ्याला मफलर गुंडाळून हिंडायची. हळूहळू ती घरातही कमी बोलू लागली. चारचौघांत कुणी "काहीतरी वाचून दाखव ना" म्हटलं की अंग चोरून घ्यायची.

एकदा वाचता वाचता हेडफोनची उजवी बाजू बंद पडली. दादा बाहेर फोनवर बोलत होता. चिमीने नुकतंच वाचलेलं पान डाव्या कानाने ऐकलं आणि ती बसल्या जागी गार झाली. आवाज भरदार होता. समोर बसून कुणी बोलावं तसा.

हेडफोन दुरुस्तीला टाकायला तीच गेली. दुकानदारीण चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "वायर तुटलीय, जोडून देते." चिमीने तिला सांगितलं, दोन्ही कानांनी आवाज पोकळ येतो, फोनवर नुसती खरखर, पण एकाच कानाने ऐकला तर भरदार.

"माइकची वायर कशी आहे तुमची?"

चिमीने निघताना फोनवर काढलेला वायरीचा फोटो दाखवला. एका टोकाला माइकमध्ये बसणारा तीन पिनांचा जाड कनेक्टर, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरमध्ये जाणारा बारीक जॅक.

"या जॅकवर दोन काळ्या कड्या आहेत बघा. म्हणजे स्टिरिओ, डावा कान वेगळा, उजवा वेगळा. पण माइक एकच आवाज दोन तारांवरून पाठवतो, एकीवर सुलटा, एकीवर उलटा. तुमच्याकडे सुलटा गेला डावीकडे, उलटा उजवीकडे. फोनच्या स्पीकरवर दोन्ही एकत्र आले की एकमेकांना खाऊन टाकतात. मग उरणार काय, खरखरच. वायर बदला, झालं."

"म्हणजे घशाचा काही दोष नाही?"

"घशाचा काय संबंध?" दुकानदारीण हसली.

चिमी थेट दादाकडे गेली. तो उकडलेलं अंडं खात होता. बलक मिशीला लागलेला. तिने सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, बिचारा चकित होईल. दादाने बोटं चाटली आणि भिंतीच्या फोमला पुसली.

"कळलं वाटतं तुला! अगं, पाठवताना मी डावी बाजूच तेवढी ठेवतो. पुस्तकं चांगली गेली ना?"

"तुला माहीत होतं?"

"वायर मीच केलीय."

"मग मला का दोन्ही ऐकवत होतास?"

"डोक्यावर बसली असतीस. माणूस जरा धाकात राहिला की वाचतो बरं." आणि तो हसला. दातांत पिवळं अडकलेलं होतं.

चिमीला उमासा आला. ती धावत मोरीत गेली. बेसिनमध्ये दाढीचे केस चिकटलेले, तोटीला हिरवट थर. तिथेच तिला उलटी झाली. तोंड धुवायलाही तिने त्या नळाला हात लावला नाही. बाहेर येऊन पर्स उचलली.

"अर्धं पुस्तक राहिलंय," दादा म्हणाला.

"तू वाच."

आत्याचा फोन आलाच. "एवढ्याशा वायरीवरून नातं तोडतेस? त्याने घडवलं तुला!"

"आत्या, त्याने मला माझ्याच आवाजाची किळस आणली," चिमी म्हणाली. "आता मला त्याची येते. लपवून काय करू?" पलीकडे आत्या रडू लागली. चिमीला वाईट वाटलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही. आई आठवडाभर तिच्याशी धड बोलली नाही.

पुढे चिमीला दुसरीकडे काम मिळालं. स्वच्छ खोली, नीट माणसं. तिथली ध्वनिमुद्रक बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "ऐकायचंय का, कसं आलंय?"

"नको," चिमी म्हणाली. "तुम्ही ऐका. चांगलंच आलं असणार. मी पुढचं पान वाचते."