दोन बोटं सैल

शिंपीमास्तरांनी चाळीस वर्षांत कुणाला अंगाबरोबर कपडा दिला नाही. "अंग वाढतं, कापड वाढत नाही," म्हणत प्रत्येक शिवणीत दोन बोटं माया सोडायची, ही त्यांची खोड. तीच खोड त्यांनी स्वतः ठोकलेल्या परसातल्या खुराड्याच्या दारात उतरली. दाराखाली दोन बोटं फट.

खुराडं थोरल्या बहिणीच्या तीन बुटक्या कोंबड्यांसाठी. कबुतराएवढ्या, पायांत पिसांचे मोजे. बहीण कायमची लेकीकडे निघाली, तेव्हा म्हणाली, "एक जरी गेली, तर मला ताई म्हणू नकोस." तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

नव्या कोंबड्या आठवडाभर कोंडल्या की त्यांना घर कळतं. दिवस कलताना मास्तर वाकून खुराड्यात शिरले, दार ओढून दाणे टाकू लागले. तिघी कोपऱ्यात एकमेकींत घुसल्या आणि एकदम गप्प झाल्या. मास्तर वळले. फटीत एक करडं नाक होतं.

मुंगूस. वासराएवढं, असं मास्तर पुढे सांगत. वासरू नसेल, पण बोकडाएवढं नक्की, आणि तरी मान आत घालत होतं.

काठी बाहेर. आणायला दार उघडलं की संपलं. मास्तर फटीवर फतकल मारून बसले. मागून विजारीत दात रुतले. कापड टर्रकन उसवलं. जुनं सुती, अजून चार हिसके टिकेल, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

"अगं, दाभण आण," त्यांनी बायकोला हाक दिली. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "आणि तार."

"कोंबड्यांना झबली शिवताय?"

"बोलू नकोस. ये."

ती बादली वाजवत आली, तसं मुंगूस कुंपणात सरकलं. तिने विजार पाहिली आणि हसली नाही. मास्तरांना त्याचीच जास्त धास्ती वाटली.

खुराड्याची उरलेली जाळी त्यांनी दाराच्या खालच्या कडेला तारेने शिवली.

"माया नको," बायको म्हणाली.

"नाही ठेवत."

सकाळी त्यांनी तीनदा मोजलं, मग फोन लावला. "तिघी आहेत, ताई."

बोलता बोलता नजर दाराखाली गेली. ओल्या मातीत पंजे उमटले होते. जाळीच्या प्रत्येक टाक्याशी नखाचा एक ताजा ओरखडा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, चुका काढणाऱ्या गिऱ्हाइकासारखं कुणीतरी शिवण तपासून गेलं होतं.