वच्छला नुसती बसते

सानगडीच्या वच्छला रामटेकेनं भर पौषात सकाळी सहा वाजता पंखा लावला, तेव्हा तिची सासू आनंदाबाई गोधडीतून नाक बाहेर काढून म्हणाली, "मले मारतं का वो माय?"

"अंगातून वाफा निघून राहिल्या माह्या."

"मंग तू बाहेर जाय ना. पंखा कायले फिरवतं?"

वच्छला बाहेर गेली. ओसरीत उभी राहून पदरानं वारा घेतला. पाच मिनिटांत थंडीनं दातावर दात वाजायला लागले, तशी ती आत आली आणि सासूच्याच गोधडीत शिरली. महिनाभर घरात रोज पहाटे हाच खेळ चालला होता.

वच्छला सत्तेचाळीस वर्षांची. बावीस वर्षांपासून अंगणवाडी सेविका, म्हणून सगळं गाव तिला म्याडम म्हणे. आवाज असा, की तिनं अंगणवाडीच्या दारातून "ए, चप्पल!" म्हटलं की रस्त्यावरून जाणारी मोठी माणसंही थबकून आपल्या पायांकडे पाहत. दोन वर्षांपूर्वी तिच्या बोटांचे सांधे सुजले. सकाळी उठल्यावर वेणी घालता येईना, डब्याचं झाकण निघेना. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून आमवात सांगितला. शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून आपल्या सांध्यांवर उलटते, तो हा आजार. गोळ्या सुरू झाल्या आणि बोटं बरीचशी ताळ्यावर आली.

तेवढ्यात पाळीनं रंग दाखवायला सुरुवात केली. कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, कधी पंधरा दिवसांत हजर. अंगातून वाफा, झोपेचे तुकडे, आणि राग तर असा, की नवरा भोजराज घरात यायच्या आधी दारातून सासूला खुणेनं विचारून घेई, हवामान कसं आहे. त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. जळलेल्या मोटारीला हात लावायला तो घाबरत नसे.

एके दिवशी अंगणवाडीत खिचडीच्या कुकरची शिट्टी झाली आणि वच्छलाच्या छातीत धडधड सुरू झाली ती थांबेना. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडू लागली. तीस पोरं एकदम चिडीचूप. त्यातली एक चार वर्षांची मुलगी उठली, आपलं अर्धं खाल्लेलं बिस्किट तिच्या तोंडाशी नेऊन म्हणाली, "खा म्याडम, मारत नाई कोणी."

दुसऱ्या दिवशी भोजराज तिला भंडाऱ्याला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी छातीचा ईसीजी काढला, रक्त तपासलं.

"हृदय ठणठणीत आहे, वच्छलाताई. पाळी जायच्या आधीची ही वर्षं धिंगाण्याचीच असतात. त्यात तुमचा आमवात. दोघं एकमेकांना चिथावतात. तुमच्या सगळ्या नसा दिवसरात्र 'सावधान'मध्ये उभ्या आहेत. त्यांना 'विश्राम' कोणी म्हणतच नाही."

"मंग थ्याची गोळी द्या ना."

"सांध्यांच्या गोळ्या चालूच ठेवायच्या, एकही चुकवायची नाही. वाफा फार वाढल्या तर त्याचंही औषध पाहू. पण त्याशिवाय रोज वीस मिनिटं नुसतं बसायचं. श्वास चार आकडे मोजत आत, आठ आकडे मोजत बाहेर."

"नुसतं?"

"नुसतं."

"भाजी निवडत बसलं तं चालन का?"

"नाही. फोनही नाही."

वच्छलानं नवऱ्याकडे पाहिलं. आयुष्यात तिला बऱ्याच कडू गोष्टी घ्याव्या लागल्या होत्या, पण इतकं अवघड औषध कोणी लिहून दिलं नव्हतं.

घरात बसायला गेली तर आनंदाबाई दर दोन मिनिटांनी कपाळाला हात लावून ताप पाही. गच्चीवर बसली तर शेजारीण खालून ओरडे, "म्याडम, वाळवणं राखून राहिल्या तं माह्यावालेही पाहजा!" गावातल्या बुद्धविहारात बसली. तिथं शांत होतं खरं, पण तिसऱ्या श्वासाला एक बाई शेजारी सरकली आणि नातीचं वजन काहून वाढत नाही ते विचारू लागली. अंगणवाडी सुटल्यावर तिथंच दार लावून बसली, तर म्याडम आतमध्ये अडकल्या म्हणून कोणीतरी दार तोडायला हातोडा घेऊन आलं.

शेवटी तिला गावाबाहेरचा तलाव आठवला. तलावाच्या पारीवर, म्हणजे पाण्याला अडवणाऱ्या मातीच्या उंच बांधावर, संध्याकाळी पाच वाजता कोणी नसे. खाली उतरलं की एक सपाट दगड होता. समोर पाणी, पलीकडे झाडी, पाण्यावर बदकं. वच्छला दगडावर बसली, डोळे मिटले, आणि चार-आठ मोजू लागली. दहाव्या श्वासाला तिचे खांदे आपोआप खाली आले. ते इतके दिवस वर होते हे तिला तेव्हाच कळलं.

"म्याडम, शेळी हरपली का?"

वर पारीवर एक म्हातारा सायकल धरून उभा होता.

"नाई."

"मंग काय पाहून राहिल्या?"

"काईच नाई."

म्हाताऱ्यानं ते उत्तर थोडा वेळ चघळलं आणि सायकल गावाकडे वळवली. तिथून गोष्ट सुरू झाली. बाईमाणूस, एकटी, तिन्हीसांजेला, काम नसताना, तलावाकाठी. चार दिवसांत गावात चार मतं पडली. कोणी म्हणालं, म्याडमचं नवऱ्याशी वाजलं. कोणी म्हणालं, पोरगी रिता नागपूरले शिकाले गेली म्हणून जीव लागत नाई. मच्छीमार सोसायटीच्या बाबूलालला वेगळाच संशय आला. म्याडम सरकारी माणूस, तेव्हा ती मासोळीचा सर्व्हे करत असणार. तो रोज डोंग्यात, म्हणजे आपल्या छोट्या होडीत, बसून लांबून तिच्यावर नजर ठेवू लागला. चौथं मत कोणी मोठ्यानं बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

पाचव्या दिवशी भोजराज एका मोटारीचं तांबं गुंडाळत होता, तेव्हा दुकानात कोणीतरी धापा टाकत आलं. "भोजराज भाऊ, म्याडम आज अगदी पाण्याच्या काठाले जाऊन बसल्या!"

बायको श्वास मोजायला जाते हे भोजराजला माहीत होतं. पण समोरच्याचा चेहरा पाहून त्याचंही काळीज हललं. तो निघाला तो एका पायात चप्पल घालून. वाटेत माणसं जमत गेली. आनंदाबाईही काठी टेकत मागे आली.

वच्छलाचं त्या दिवशी फार छान जमलं होतं. श्वास लांब जात होता, बोटं मांडीवर सैल पडली होती. मागे काहीतरी कुजबुजतंय असं वाटलं, पण बदकं असतील म्हणून तिनं डोळे उघडले नाहीत. मग एक बदक स्पष्ट म्हणालं, "हळू जा गा, घाबरन थे."

तिनं वळून पाहिलं. पारीवर वीस-पंचवीस माणसं. पुढे भोजराज दोन्ही हात पसरून, कोंबडी धरायला निघाल्यासारखा, पाऊल पाऊल येत होता. समोर पाण्यावर बाबूलाल डोंगा वल्हवत जवळ आला होता.

"रिताची माय," भोजराज फार गोड आवाजात म्हणाला, "घरी चाल. तू म्हणशीन तसंच करू."

इतक्या गोड आवाजात तो लग्नातही बोलला नव्हता. वच्छलाला आधी काही समजेना. मग समजलं, आणि पायाच्या अंगठ्यापासून एक वाफ उठली ती थेट डोक्यापर्यंत. कान तापले, पाठीला घाम सुटला, साडी अंगाला चिकटली. समोर थंडगार पाणी होतं. तिनं काही विचार केला नाही. उठली आणि सरळ तलावात चालू लागली.

पारीवरून एकच किंकाळी उठली. "अगं थांब!" "धरा, धरा!" बाबूलालनं वल्हं टाकलं आणि अंगावरच्या कपड्यांसकट डोंग्यातून उडी मारली. उडी मारल्यावर तो आडवाच पडला, कारण तिथं पाणी गुडघाभर होतं. तोंडात चिखल भरून तो उठला, तेव्हा त्याच्या कानावर शेवाळ लटकत होतं. वच्छला त्याच्यापासून चार हातांवर उभी राहून तोंडावर पाणी मारत होती.

"बाबूलाल भाऊ, लागलं का?" तिनं विचारलं.

"मी तुम्हाले वाचवाले आलो," तो म्हणाला आणि चिखल थुंकला.

वच्छलाला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. ती गुडघे धरून हसली, बरगड्या दुखेपर्यंत हसली. आता बायकोचं डोकंही गेलं असं वाटून भोजराज पाण्यात धावला.

ती सरळ उभी राहिली आणि तिनं अंगणवाडीचा आवाज काढला.

"ऐका सारेजण! मी जीव देऊन नाई राहिली. मले पोहता येते. मले आमवात आहे अना माह्यी पाळी जाऊन राहिली. अंग तापते, छाती धडधडते, रडू येते. डॉक्टरनं नुसतं बसाले सांगतलं. वीस मिनिटं! या गावात बाईले वीस मिनिटं नुसतं बसाले जागा आहे का नाई?"

पाळी हा शब्द ऐकताच अर्धे पुरुष आकाशाकडे पाहू लागले. एकाला अचानक आठवलं, की त्याची म्हैस सुटी आहे. बायका मात्र जागच्या हलल्या नाहीत.

पहिली बोलली ती आनंदाबाई. पारीवरून काठी टेकत खाली येता येता म्हणाली, "मलेही होय. तुह्यावाणीच."

"काय होय, माय?"

"आगच वो. थ्या वक्ती मी रोज धानाच्या बांधीत जाऊन उभी राहो, पिंढरीइतक्या चिखलात. कोणी पुसलं तं सांगो, पऱ्हे पाहाले आली, धानाचे रोपं. पुरं सालभर पाहले मी पऱ्हे." ती भोजराजकडे वळली. "तुह्या बापाले वाटे, बायको किती कामाची आहे."

आता बायका हसल्या. वच्छला पाण्यातून बाहेर आली. सासूनं आपली शाल तिच्या खांद्यावर टाकली. शाल टाकताना ती दोन क्षण तिथंच हात ठेवून उभी राहिली, जे तिनं आजवर कधी केलं नव्हतं.

थंड पाण्याची किंमत वच्छलानं दुसऱ्या सकाळी मोजली. गुडघे आखडले, बोटं मिटेनात. आनंदाबाईनं कोमट तेल चोळता चोळता तिला भरपूर ऐकवलं. पण संध्याकाळी पाच वाजता काठी घेऊन तीच आधी दारात उभी.

"तुम्ही कुठं, माय?"

"तुले बसू कोण देईन? मी वर बसतो. पाहतो कोण येते तं."

तेव्हापासून दोघींची वाटणी ठरली. सून खाली दगडावर, सासू वर पारीवर. भोजराजच्या वाट्याला संध्याकाळचा भात आला. पहिले आठ दिवस तो भात आणि पेज यांच्या मधलं काहीतरी करत असे. येणाऱ्या-जाणाऱ्याला आनंदाबाई रोज नवीन उत्तर देई. एकाला सांगितलं, सून बदकं मोजते. दुसऱ्याला सांगितलं, सरकारचं काम आहे, सांगता येत नाही. सायकलवाल्या म्हाताऱ्याला म्हणाली, "शेळी सापडली नाई अजून."

अडीच महिन्यांनी भंडाऱ्याला दाखवायला गेले, तेव्हा रक्ताच्या तपासणीत सूज थोडी उतरलेली दिसली. गोळी तीच ठेवली. सकाळी बोटं सुटायला आधी दीड तास लागे, आता पाऊण तास. वाफा येतच होत्या, पण वाफ आली की वच्छला तिला घाबरत नव्हती. आठ आकडे मोजत श्वास बाहेर सोडायची, आणि वाफ आपली वाट धरायची. कुकरच्या शिट्टीला ती दचकत नसे. राग मात्र येई. तो सगळाच पाळीचा नव्हता, असं भोजराजचं म्हणणं, आणि ते तो फक्त दुकानात बोले.

एका संध्याकाळी डोंगा हळूच दगडाजवळ आला. बाबूलाल बराच वेळ वल्हं पाण्यात फिरवत राहिला.

"म्याडम, एक पुसू का?"

"पुसा."

"माह्यी बायको तुळसा. थेही आजकाल उठली-सुठली भांडे आपटते. कालपासून तं मासोळीकडेही पाहत नाई. थिले आणू का तुमच्यासंगं?"

वच्छलानं श्वास पूर्ण बाहेर सोडला, मग उत्तर दिलं.

"आणू नोका. थिले एकटीले येऊ द्या. अना बाबूलाल भाऊ, थे येईन तेव्हा तुम्ही डोंगा घेऊन त्या बाजूले जाजा."

"त्या बाजूले मासोळी नाई, म्याडम."

"मंग नुसतं बसा," वच्छला म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.